बंकरवर झाडं लावली म्हणजे झालं का?

आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपवर मध्यंतरी कुणीतरी एक रील टाकली. हॅम्बुर्गमधला एक राखाडी काँक्रीटचा अवाढव्य ठोकळा, त्याच्या डोक्यावर नवे मजले, जिथे तिथे झाडं, भिंतीला वेटोळे घालत वर जाणारा जिना आणि वर उभे राहून सेल्फी काढणारी माणसं. खाली लिहिलेलं, की नाझींच्या बंकरची जर्मनांनी बाग आणि हॉटेल केलं आणि आपल्याला अजून बुरुजावरचं गवत काढता येत नाही. झालं, पेटला ग्रुप. अर्धे म्हणाले बघा, याला म्हणतात प्रगती, आपल्या किल्ल्यांचंही असंच करा म्हणजे चार पैसे तरी येतील. उरलेले अर्धे म्हणाले लाज वाटायला पाहिजे, जिथे माणसं मेली तिथे दारू पाजतात, पाडून टाकायला हवं होतं ते धूड. मी कामानिमित्त दोनदा त्या बंकरच्या बुडाशी उभा राहिलोय, त्यामुळे मला राहवेना. दोन्ही बाजू जोरात भांडत होत्या आणि दोघांनाही ती इमारत नेमकी काय आहे याचा पत्ता नव्हता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तिथे हॉटेल आहे, क्लब आहे, बाग आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. वापर खुशाल करा. पण असल्या वास्तूची गोष्ट "राखाडी होतं, हिरवं केलं" अशी सांगायला लागलात की तिथे मी अडणार. कारण ती वास्तू एकाच वेळी दोन उलट गोष्टी होती, आणि हे उलटंपण पुसलं तर मग ती ठेवून उपयोग काय? आणि पाडणाऱ्यांनाही माझा विरोध आहे, तो ऐतिहासिक वगैरे प्रेमापोटी नाही, त्याचं कारण पुढे येईल.

तर आधी ते काय आहे ते. ऑगस्ट १९४० मध्ये ब्रिटिश विमानांनी बर्लिनवर पहिल्यांदा बॉम्ब टाकले. नुकसान किरकोळ झालं पण अब्रू गेली, कारण राजधानीवर एक विमान येणार नाही अशा गमजा मारून झाल्या होत्या. लगेच सप्टेंबरमध्ये हिटलरने शहराच्या मधोमध विमानविरोधी तोफांचे मनोरे बांधायचा हुकूम काढला. त्यांना फ्लाक टॉवर म्हणतात, फ्लाक म्हणजे विमानविरोधी तोफ याचं जर्मन लघुरूप. प्रत्येक ठिकाणी जोडी असायची, एक तोफांचा मनोरा आणि थोडं लांब एक नेमबाजीचा, त्यावर रडार आणि अंतर मोजायची यंत्रं, कारण तोफा धडधडायला लागल्या की त्या हादऱ्यात मोजमाप करणं अशक्य. बर्लिनमध्ये तीन जोड्या, हॅम्बुर्गमध्ये दोन, व्हिएन्नात तीन. रीलमधला मनोरा १९४२ मध्ये साधारण ३०० दिवसांत उभा राहिला, पाया ७५ बाय ७५ मीटर, उंची ३८ मीटरच्या आसपास, भिंती साडेतीन मीटर जाड. म्हणजे आपल्या टू बीएचकेचा हॉल जेवढा रुंद असतो तेवढी नुसती भिंत. वर १२.८ सेंटिमीटरच्या जुळ्या तोफा, आत हजारो नागरिकांना आसरा. आणि बांधलं कुणी, तर सक्तीने आणलेल्या मजुरांनी. आर्किटेक्ट होता फ्रीडरिक टाम्स. हा माणूस युद्धानंतर तुरुंगात वगैरे गेला नाही, १९४८ पासून ड्युसेलडॉर्फ शहराच्या नियोजनाचा प्रमुख झाला आणि तिथले रस्ते-पूल आखत बसला. इमारतीचं काय करायचं यावर पिढ्यान् पिढ्या वाद घालणाऱ्या देशाने आर्किटेक्टचं काय करायचं हे किती पटकन ठरवून टाकलं बघा, पण ते असो.

आता यातला सगळ्यात आळशी युक्तिवाद आधी निकालात काढू. तो असा, की "पाडताच येत नव्हतं हो, म्हणून वापरलं". ग्रुपवर तर हे आलंच, पण युरोपातले गाइडसुद्धा हेच सांगतात, पर्यटकाला ऐकायला भारी वाटतं. पण खरं बघा. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयाजवळचा मनोरा ब्रिटिशांनी १९४७ मध्ये उडवायचा प्रयत्न केला, फसला, पुन्हा केला, आणि १९४८ मध्ये उडवलाच. हॅम्बुर्गच्या रीलवाल्या मनोऱ्याची जोडीदारीण, म्हणजे नेमबाजीचा मनोरा, सत्तरच्या दशकात पाडला, तोही भरवस्तीत. मग हा का नाही पाडला? कारण खर्च होता, शेजारच्या घरांना धोका होता, आणि मुख्य म्हणजे युद्धानंतर घरांची बोंब असलेल्या शहरात ती आयती मजबूत जागा होती. १९५२ च्या डिसेंबरात पश्चिम जर्मनीत युद्धानंतरचा नियमित टीव्ही सुरू झाला तेव्हा त्याचा स्टुडिओ याच बंकरमध्ये होता. म्हणजे पाडता येत नव्हतं असं नाही, सोयीचं होतं म्हणून ठेवलं. हा फरक शब्दांचा वाटेल पण नाहीये. "पाडता आलं नाही" म्हटलं की जबाबदारी काँक्रीटवर ढकलता येते. "ठेवलं" म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ठेवलं तर काय म्हणून ठेवलं?

पाडून टाका म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी मान्य करतो. हे मनोरे नुसती लष्करी सोय नव्हते, ते मुद्दाम दिमाखदार बनवले होते. टाम्स स्वतः त्यांना तोफांचे कॅथेड्रल अशा अर्थाच्या शब्दाने संबोधायचा. शहराच्या मध्यात कुठूनही दिसेल असं ते शक्तिप्रदर्शन होतं, आणि असलं प्रदर्शन ८० वर्षं जसंच्या तसं उभं ठेवलं तर आपण त्या माणसांचं स्मारक फुकटात सांभाळतोय का, हा प्रश्न खोटा नाही. उद्या कुणी नवनाझी येऊन तिथे फुलं ठेवणार नाही याची खात्री कोण देणार? पण इथेच एक गंमत आहे जी पाडणाऱ्यांना आणि सजवणाऱ्यांनाही माहीत नसते. नाझींच्या डोक्यात हे मनोरे असे उघडे राहायचेच नव्हते. युद्ध जिंकल्यावर, निदान व्हिएन्नातल्या मनोऱ्यांना तरी, बाहेरून संगमरवर लावायचा आणि त्यावर मेलेल्या जर्मन सैनिकांची नावं कोरायची अशी कल्पना होती. म्हणजे आज आपल्याला जे भयाण, उघडंवाघडं, डागाळलेलं काँक्रीट दिसतं ते त्यांच्या स्वप्नाचं रूप नाही, ते त्यांच्या हरण्याचं रूप आहे. अर्धवट राहिलेलं काम आहे ते. आता सांगा, त्याला देखणं आवरण चढवायची पहिली आयडिया कुणाची होती? मी असं म्हणत नाहीये की झाडं लावणारे नाझी आहेत, उगाच स्क्रीनशॉट काढू नका. मी म्हणतोय की झाकण्यापेक्षा उघडं ठेवण्यात त्यांचा जास्त अपमान आहे.

दुसरा भक्कम मुद्दा राहणाऱ्यांचा. शहर म्हणजे म्युझियम नाही, तिथे माणसं राहतात, त्यांना बाग लागते, गरम पाणी लागतं. हे शंभर टक्के खरं. हॅम्बुर्गचाच दुसरा मनोरा विल्हेल्म्सबुर्गला आहे, कामगारांची आणि स्थलांतरितांची वस्ती. ब्रिटिशांनी १९४७ मध्ये तो आतून उडवला, बाहेरचं कवच तेवढं उरलं आणि मग साठएक वर्षं धोकादायक म्हणून बंद. २०१३ मध्ये शहराने त्याचं ऊर्जाकेंद्र केलं, आत २० लाख लिटर पाण्याची टाकी बसवली जी उष्णता साठवते, वर आणि दक्षिणेच्या बाजूला सोलर पॅनल लावले, आणि आजूबाजूच्या घरांना तिथून उष्णता जाते. वर एक कॅफे आहे, इतिहास सांगणारं प्रदर्शनही आहे. त्या वस्तीतल्या आजीबाईला जाऊन कोण सांगणार की बाई, तुमचा हीटर नैतिकदृष्ट्या संशयास्पद आहे? मी तरी नाही सांगणार. उलट मला तो वापर आवडतो, कारण त्यात लपवाछपवी नाही, ठोकळा ठोकळाच दिसतो आणि कामाला लागलाय.

आणि रीलमधल्या बंकरबद्दलही न्याय करायचा तर सांगायला हवं की तिथल्या शेजाऱ्यांच्या एका गटाने बागेची कल्पना लावून धरली, त्याच लोकांनी युद्धाच्या काळात आत राहिलेल्यांच्या आठवणी गोळा केल्या, आणि २०२४ मध्ये वरची बाग खुली झाली तेव्हा तिथे बळी पडलेल्यांच्या स्मृतीसाठी जागाही केली. हे त्या रीलमध्ये होतं का? नव्हतं. रीलमध्ये १३४ खोल्यांचं हॉटेल होतं, सूर्यास्त होता आणि शेजारच्या जत्रेतला पाळणा होता. म्हणजे ज्यांनी मेहनतीने आठवण जपली त्यांचं काम मागे पडलं आणि "बघा कसं सुंदर केलं" एवढंच जगभर फिरलं. माझा राग आहे तो इथे. फलक नाही असं नाही, पण गोष्टीत फलकाला जागा किती आणि झाडांना किती?

कारण मूळ गोष्ट सुंदर नाहीये, आणि सोपीही नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर जे हल्ले झाले त्यांचं ब्रिटिशांनी दिलेलं नाव ऑपरेशन गोमोरा. २४ तारखेच्या रात्री ७९१ विमानं निघाली आणि त्या रात्री त्यांनी पहिल्यांदाच एक साधी युक्ती वापरली, अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या २७ सेंटिमीटर लांबीच्या कागदाच्या पट्ट्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे आकाशातून सोडले. जर्मन रडारला सगळीकडे विमानंच विमानं दिसायला लागली, आणि एवढे डोंगराएवढे मनोरे, एवढ्या तोफा, नेमबाजीची एवढी यंत्रं, सगळं आंधळं झालं. ७९१ पैकी फक्त १२ विमानं परतली नाहीत. तीन दिवसांनी २७ च्या रात्री आगीचं वादळ उठलं, हवाच पेटल्यासारखी झाली, तळघरात लपलेली माणसं गुदमरून मेली. हल्ले ३ ऑगस्टपर्यंत चालले आणि साधारण ३५ ते ४० हजार माणसं गेली. याच दिवसांत या बंकरमध्ये, जो १८ हजार लोकांसाठी बांधला होता, त्यात २५ हजारांपर्यंत माणसं कोंबून बसली आणि वाचली. म्हणजे तोफ म्हणून तो मनोरा ऐनवेळी फुकट गेला, भिंत म्हणून कामी आला. ज्या राजवटीने युद्ध सुरू करून त्या बायकापोरांवर ही वेळ आणली तिच्याच भिंतीने त्यांना वाचवलं. हॅम्बुर्गच्या म्हाताऱ्या माणसांच्या मनात त्या ठोकळ्याबद्दल कृतज्ञता असेल तर ती कुठल्या तोंडाने नाकारायची?

पण मग दरवाजापाशी या. आत कोण गेलं? ज्यूंना सार्वजनिक आसऱ्याच्या जागी प्रवेश नव्हता, म्हणजे जे तोपर्यंत छळछावण्यांकडे पाठवले गेले नव्हते त्यांना. पूर्वेकडून आणलेल्या सक्तीच्या मजुरांनाही बंकर बंदच. ज्या हातांनी साडेतीन मीटरची भिंत ओतली त्या हातांना भिंतीच्या आत जागा नव्हती. आणि हल्ला संपल्यावर ढिगारे उपसायला, प्रेतं काढायला आणि न फुटलेले बॉम्ब काढायला कुणाला पाठवलं, तर हॅम्बुर्गजवळच्याच नॉयनगामे छळछावणीतल्या कैद्यांना. वर छपरावर काय चाललं होतं? फेब्रुवारी १९४३ पासून जर्मनीत शाळेतली पंधरा-सोळा वर्षांची पोरं तोफांवर लावत होते, दिवसा तिथेच गणिताचा तास आणि रात्री तोफगोळे. पुढे पोप झालेला योझेफ रात्सिंगर सोळाव्या वर्षी म्युनिकजवळ असाच तोफखान्यात होता. एका इमारतीत छपरावर पोरं, पोटात वाचलेली माणसं आणि दाराबाहेर बांधणारे. हे सगळं "नाझी बंकर" या दोन शब्दांत बसतं का? आणि "हिरवा बंकर" या दोन शब्दांत?

झाकलं की काय होतं याची दोन उदाहरणं देतो. बर्लिनच्या फ्रीडरिक्सहाइन बागेतला मनोरा फोडून त्यावर शहराचा मलबा ओतला, माती टाकली, झाडं लावली. आज तिथे टेकडी आहे, बर्फ पडला की पोरं घसरगाडी घेऊन येतात. १९४५ च्या मे महिन्यात त्याच मनोऱ्यात बर्लिनच्या संग्रहालयाची ४०० पेक्षा जास्त चित्रं जळाली, त्यात काराव्हाजिओ या इटालियन चित्रकाराचं संत मॅथ्यूचं चित्र होतं जे आता फक्त ब्लॅक अँड व्हाइट फोटोत बघायला मिळतं. टेकडीवर चढताना यातलं काय पायाला लागतं? दुसरं उदाहरण जास्त बोचरं आहे. व्हिएन्नाच्या एस्टरहाझी बागेतल्या मनोऱ्यात मत्स्यालय आहे, पन्नासच्या दशकापासून, मुलं शार्क बघायला जातात, छान आहे. १९९१ मध्ये लॉरेन्स वायनर नावाच्या अमेरिकन कलावंताने त्याच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात एक ओळ रंगवली, जर्मन आणि इंग्रजीत, अर्थ साधारण असा, "तुकडे तुकडे झालेलं, रात्रीच्या शांततेत". काही पुतळा नाही, भाषण नाही, नुसती ओळ. पण खालून जाणारा माणूस वर बघून क्षणभर थबकायचा. २०१९ मध्ये मत्स्यालय वाढवताना ती ओळ गेली. विरोध झाला, पण गेलीच. जागा हवी होती, काचा लावायच्या होत्या. मत्स्यालय असण्याबद्दल माझी काही हरकत नाही, ती ओळ ठेवून मासे पोहले नसते का?

याउलट बर्लिनच्याच हुम्बोल्टहाइन बागेतला मनोरा. फ्रेंचांच्या ताब्यातल्या भागात होता, त्यांनी दक्षिणेची अर्धी बाजू उडवली, उत्तरेची अर्धी शेजारच्या रेल्वेलाइनच्या भीतीने राहिली. आज एका बाजूने टेकडी, दुसऱ्या बाजूने फाटलेलं काँक्रीट आणि वाकलेल्या सळया, उभ्या भिंतीवर गिर्यारोहणवाले सराव करतात, आत वटवाघळं राहतात, आणि उन्हाळ्यात एक संस्था डोक्यावर हेल्मेट घालून लोकांना आत घेऊन जाते. खाली गुलाबाची बाग. वापर आहे, मजा आहे, झाडंही आहेत, पण जखम शिवून टाकलेली नाही. खर्च तरी किती आला असेल? मला विचाराल तर सोळाच्या सोळा मनोऱ्यांत हा सगळ्यात प्रामाणिक. आणि कुणी ठरवून केलेला नाही, रेल्वेच्या कृपेने झालाय, हे त्यातलं भारी.

आता "पाडून टाका" का नको ते. मुंबईकरांनी फोर्टमध्ये जाऊन उभं राहावं. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना कोटाच्या भिंती पाडल्या, शहर वाढायला ते गरजेचं होतं, मीही पाडल्याच असत्या. पण आज रोज लाखभर लोक "फोर्टला जातो" म्हणतात तेव्हा कोट कुठे होता, आत कोण राहायचं आणि वेस बंद झाली की बाहेर कोण उरायचं हे कितीजणांच्या मनात येतं? शब्द उरला, प्रश्न गेला. व्यापारी कंपनीच्या भिंतीचं विसरलो तर चालून गेलं. ज्या भिंतीच्या दारात माणसं निवडली जात होती तिचं विसरून चालेल का?

आणि शेवटी आपल्या ग्रुपच्या आवडत्या तुलनेकडे येतो, कारण मूळ भांडण तिथूनच सुरू झालं. २०१९ च्या सप्टेंबरात काही किल्ले हेरिटेज हॉटेलसाठी द्यायचा विषय निघाला, महाराष्ट्र खवळला आणि सरकारला महाराजांशी संबंधित किल्ल्यांना हात लावणार नाही असा खुलासा करावा लागला. त्या वादात हॅम्बुर्गचा बंकर आणणं म्हणजे शेंडा ना बुडखा. राजगडावर चढताना माणूस आपल्या माणसाच्या घरी जात असतो, तिथे प्रेम आहे, प्रश्न आहे तो प्रेमाच्या नावाखाली प्लॅस्टिकच्या बाटल्या टाकणाऱ्यांचा. फ्लाक मनोऱ्यावर प्रेम कुणाचंच नाही, तिथे प्रश्न लाजेचा आणि तिच्या बरोबरच्या उपकाराचा आहे. दोन्हीला एकच हॉटेलचं बिल कसं लावता?

तुलनाच करायची तर मलबार हिलवर राजभवनात जा. २०१६ मध्ये तिथे जमिनीखाली ब्रिटिशकालीन बंकर सापडला, तेरा खोल्या, दीडशे मीटर लांब, काही खोल्यांवर अजून नावं होती, शेल स्टोअर, कार्ट्रिज स्टोअर वगैरे. तोफा समुद्राकडे तोंड करून असणार, विमानविरोधी नव्हेत, पण जात तीच, परक्या सत्तेने आपल्या सोयीसाठी बांधलेली लढाऊ वास्तू. २०१९ मध्ये तिथे संग्रहालय झालं आणि २०२२ मध्ये क्रांतिकारकांचं दालन. ब्रिटिशांच्या दारूगोळ्याच्या कोठारात त्यांच्याविरुद्ध लढलेल्यांची चित्रं, यातला काव्यात्म न्याय मला कळतो आणि आवडतोही. पण तिथेही मला तोच प्रश्न पडतो जो हॅम्बुर्गला पडला. हा बोगदा खणला कुणी? दगड वाहिले ती माणसं कुठल्या गावची, मजुरी काय मिळाली, आत काम करणारे देशी शिपाई कोण? बाहेरच्यांची गोष्ट आत आणून लावताना आतल्यांची गोष्ट सांगायला एखादी खोली ठेवता येणार नाही का, तेरा आहेत की.

ग्रुपवर एवढं सगळं टाइप केलं नाही, तिथे कुणी वाचत नाही. मी फक्त विचारलं की त्या रीलमध्ये बंकरचा खालचा दरवाजा कुठे दिसतो का ते बघून सांगा. तिघांनी पुन्हा रील बघितली. एकाने छपरावरच्या झाडांचा स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारलं, हे बर्च आहे का रे?